नोंदणी झाल्यावर वाचकाला तो होता त्याच पानावर परत कसं आणायचं?

शाईपेन (धागाकर्ती)

मंडळी, सल्ला हवा आहे. आम्ही काही जण मिळून धडे आणि सरावप्रश्नांची एक साइट चालवतो, वर्डप्रेसवर. धडे सगळ्यांना खुले आहेत. सरावप्रश्नाचं उत्तर तपासून हवं असेल तर मात्र सदस्य व्हावं लागतं.

होतं असं की वाचक शोध घेत थेट एखाद्या धड्याच्या मधल्याच पानावर उतरतो. वाचतो, खालचा प्रश्न सोडवतो, 'उत्तर तपासा' दाबतो. नोंदणीचा फॉर्म येतो. बिचारा नाव-ईमेल भरतो, मेल उघडून लिंक दाबतो, पासवर्ड ठरवतो, आणि एवढं सगळं करून पोचतो कुठे, तर मुखपृष्ठावर! आता तो धडा पुन्हा शोधायचा कसा? बहुतेक जण शोधत बसत नाहीत. नोंदणी पूर्ण केलेले पण एकही उत्तर न दिलेले सदस्य यादीत ढिगाने आहेत, त्यामागे हेच कारण असावं असा आमचा कयास.

साइटचं तांत्रिक काम बघणारा मित्र म्हणतो, "रेफरर (वाचक ज्या पानावरून आला त्याचा पत्ता) बघायचा आणि तिकडे परत धाडायचं, हाय काय अन् नाय काय." मला ते इतकं सोपं वाटत नाहीये. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

बिनधास्त_बग

अगदी हेच दुखणं आमच्याकडेही. वाचतोय, येऊ द्या प्रतिसाद.

सर्व्हरवाला

रेफररचा नाद सोडा. नोंदणीचं पान पहिल्यांदा उघडलं तेव्हा रेफररमध्ये धड्याचा पत्ता असतो, इथवर ठीक. पण वाचकाने ईमेल चुकीचा टाकला, फॉर्म लाल अक्षरांत परत आला, की पुढच्या वेळी रेफरर असतो तो खुद्द नोंदणीच्या पानाचा. म्हणजे नोंदणी करून माणूस पुन्हा नोंदणीच्याच पानावर. शिवाय रेफरर पाठवायचा की नाही हे ब्राउझर आणि साइटचं धोरण ठरवतं. पाठवलाच नाही तर तुमच्या हातात काय राहतं?

त्यापेक्षा 'उत्तर तपासा' या लिंकमध्येच परतीचा पत्ता घाला. नोंदणीच्या पानाने तो उचलून फॉर्मच्या लपवलेल्या खान्यात ठेवायचा, फॉर्म कितीदाही परत आला तरी तो खाना भरलेलाच राहिला पाहिजे. लिंकला जोडलेल्या अशा माहितीला पॅरामीटर म्हणतात. वर्डप्रेसमध्ये या पॅरामीटरचं नाव 'रिडायरेक्ट_टू', जँगो या फ्रेमवर्कमध्ये (साइट बांधायच्या तयार सांगाड्यात) 'नेक्स्ट'. लॅराव्हेल हे दुसरं फ्रेमवर्क तोच पत्ता सेशनमध्ये (सर्व्हरने त्या वाचकाच्या भेटीपुरत्या ठेवलेल्या नोंदीत) ठेवतं आणि 'इन्टेंडेड' नावाच्या पद्धतीने परत काढतं.

शाईपेन

धन्यवाद. पण 'रिडायरेक्ट_टू' आमच्याकडे आहे आणि लॉगिनला ते व्यवस्थित चालतं. जुना सदस्य लॉगिन करून बरोब्बर धड्यावर येतो. घोडं अडतं ते फक्त नोंदणीला. मित्राने नोंदणीच्या लिंकमध्येही ते घालून पाहिलं, तर वाचक फॉर्म भरल्या भरल्या धड्यावर परत येतो, पण लॉगिन झालेलाच नसतो. पुन्हा 'उत्तर तपासा' दाबलं की पुन्हा नोंदणी!

घोळनिवारक

शाईपेन, तुमच्या शेवटच्या वाक्यातच सगळी मेख आहे.

लॉगिन ही एका उडीची गोष्ट. फॉर्म पाठवला, पासवर्ड जुळला, परतीच्या पानावर पाठवलं, संपलं. नोंदणीत मध्ये एक मेल आहे. २०१५ साली आलेल्या ४.३ आवृत्तीपासून वर्डप्रेस नव्या सदस्याला तयार पासवर्ड मेलने पाठवत नाही, पासवर्ड ठरवण्याची लिंक पाठवतं. नोंदणीच्या फॉर्मला दिलेलं 'रिडायरेक्ट_टू' काम करतं ते फॉर्म पाठवल्याबरोबर, म्हणजे मेल उघडायच्याही आधी. काही दिलं नसेल तर वर्डप्रेस निदान 'मेल तपासा' असं सांगणारं पान दाखवतं. तुम्ही धड्याचा पत्ता दिलात, त्यामुळे ते पानही गेलं. वाचकाला मेल आल्याचा पत्ताच नाही, आणि लॉगिनही नाही. मेलमधल्या लिंकला बिचारीला तर धडा कोणता हे ठाऊकच नसतं.

तेव्हा पत्ता ब्राउझरकडे नव्हे, तुमच्याकडे ठेवा. नोंदणीचा फॉर्म आला की नव्या सदस्याच्या कच्च्या नोंदीसोबत डेटाबेसमध्ये परतीचा पत्ताही लिहून टाका. वर्डप्रेसमध्ये युजर मेटा, म्हणजे प्रत्येक सदस्याची जादा माहिती ठेवायची जागा, आहेच त्यासाठी. मेलमधली लिंक दाबली गेली, तिच्यातल्या टोकनवरून (खुणेच्या अक्षरमाळेवरून) सदस्य कळला, की त्याच नोंदीतून पत्ता काढायचा. पासवर्ड ठरवून झाल्यावर जे 'लॉगिन करा' येतं, त्या लिंकला हा पत्ता 'रिडायरेक्ट_टू' म्हणून जोडायचा. पुढचं काम तुमचं आधीच चालू असलेलं लॉगिन करेल. नवीन यंत्रणा उभारायची गरज नाही, मधला तुटलेला दुवा तेवढा सांधायचा.

पत्ता वापरून झाला की पुसून टाका. नाहीतर पुढच्या महिन्यात लॉगिन केलं तरी माणूस त्याच धड्यावर जाऊन आदळेल.

हलकंफुलकं

एवढा खटाटोप कशाला? नोंदणीला जाण्याआधी जावास्क्रिप्टने पत्ता लोकल स्टोरेजमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या स्वतःच्या साठ्यात टाका, परत आल्यावर वाचा. चार ओळींचं काम. डेटाबेसला हातही लावायला नको.

घोळनिवारक

हलकंफुलकं, नोंदणी लॅपटॉपवर केली आणि मेल फोनवर उघडला तर? फोनमधल्याही मेल ॲपने लिंक स्वतःच्याच आतल्या ब्राउझरमध्ये उघडली तर? लोकल स्टोरेज त्या त्या ब्राउझरपुरतं असतं. सेशन स्टोरेज तर त्या टॅबपुरतं, आणि मेलमधली लिंक नव्या टॅबमध्ये उघडते. सेशन ओळखणारी कुकी (ब्राउझरमधली छोटी नोंद) हीसुद्धा त्या ब्राउझरपुरतीच. आपल्या टेबलावर चाचणी घेताना हे कधीच दिसत नाही, कारण आपण सगळं एकाच ब्राउझरमध्ये करतो. मग 'माझ्याकडे तर चालतंय' सुरू होतं.

हलकंफुलकं

मुद्दा मान्य. पण ज्या साइटवर मेल पडताळणी नाही, फॉर्म भरला की लगेच आत, तिथे माझा उपाय पुरतो.

सर्व्हरवाला

तिथे लपवलेला खानाच पुरतो की. त्याला जावास्क्रिप्टही लागत नाही.

कुलूपकिल्ली

धागा चांगला चाललाय, पण सगळ्यात धोक्याची बाजू अजून कुणी काढली नाही. परतीचा पत्ता लिंकमध्ये आला म्हणजे तो कुणीही लिहू शकतो. समजा मी एक लिंक बनवून पसरवली:

आमचीसाइट/लॉगिन?परत=https://चोरसाइट/लॉगिन

लिंकवर नाव तुमच्या साइटचं. वाचक विश्वासाने उघडतो, खरा पासवर्ड देतो, तुमचा सर्व्हर त्याला इमानेइतबारे चोरसाइटवर पोचवतो. तिथे हुबेहूब तसंच पान, 'पासवर्ड चुकला, पुन्हा टाका'. तो पुन्हा टाकतो. झालं काम. या प्रकाराला ओपन रिडायरेक्ट म्हणतात, दुबळेपणांच्या सीडब्ल्यूई यादीत तो ६०१ क्रमांकावर नोंदलेला आहे. वेबसुरक्षेवर काम करणाऱ्या ओवॅस्प संस्थेच्या २०१३ च्या पहिल्या दहा धोक्यांत तो दहावा होता. २०१७ च्या यादीत त्याला स्वतंत्र जागा उरली नाही, म्हणून धोका संपला असं कुणी समजू नये.

त्यामुळे बाहेरून आलेला पत्ता तपासल्याशिवाय वापरायचा नाही. डेटाबेसमध्ये ठेवला म्हणून तो पवित्र होत नाही, कारण आला तो फॉर्ममधूनच. तपासणी वापरण्याच्या क्षणी करा.

बिनधास्त_बग

पत्ता तिरक्या रेघेने, म्हणजे '/' ने, सुरू होतो का एवढं बघितलं की झालं ना? तसा असेल तर तो आपल्याच साइटचा.

कुलूपकिल्ली

नाही ना! '//चोरसाइट/पान' हा पत्ताही '/' नेच सुरू होतो, आणि ब्राउझर तो दुसऱ्या साइटचा म्हणून वाचतो. बरं, दोन रेघा अडवल्या, तर '/\चोरसाइट' आहे. ब्राउझर उलटी रेघ सुलटी करून घेतो. दोन रेघांच्या मध्ये टॅबचं अक्षर घातलं तर ते गाळून टाकतो, की झाल्या पुन्हा दोन रेघा. आणि कुणी 'पत्त्याच्या सुरुवातीला आमच्या साइटचं नाव आहे का' एवढंच तपासत असेल तर 'https://आमचीसाइट@चोरसाइट' बघा. '@' च्या आधीचा भाग वापरकर्त्याचं नाव धरला जातो, जायचं ठिकाण त्याच्यानंतरचं.

स्वतःचं डोकं चालवून ही तपासणी लिहू नका. वर्डप्रेसमध्ये 'डब्ल्यूपी_सेफ_रिडायरेक्ट' आहे, परक्या साइटचा पत्ता दिसला तर ते तिकडे नेत नाही. (साधं 'डब्ल्यूपी_रिडायरेक्ट' ही तपासणी करत नाही. आणि दोन्हींनंतर 'एक्झिट' लिहायला विसरू नका, ते आपोआप थांबत नाहीत.) जँगोत 'यूआरएल_हॅज_अलाउड_होस्ट_अँड_स्कीम' आहे, ३.० च्या आधी त्याचं नाव 'इज_सेफ_यूआरएल' होतं.

शाईपेनताईंच्या बाबतीत तर आणखी सोपा मार्ग आहे. परत यायचं ते कायम कुठल्या तरी धड्यावरच ना? मग पत्ता ठेवूच नका, धड्याचा क्रमांक ठेवा. आकडा आहे का आणि त्या क्रमांकाचा प्रकाशित धडा आहे का, एवढं बघितलं की पुरे. पुढे धड्याचा पत्ता बदलला तरी वाचक योग्य जागी पोचतो.

शाईपेन

कुलूपकिल्ली, क्रमांकाची कल्पना फार आवडली. आमच्या धड्यांचे पत्ते देवनागरीत आहेत, आणि ते लिंकमध्ये गेले की नुसता टक्केवारीचा पाऊस पडतो. कधी कधी उघडतही नाहीत. त्याचं काय?

अक्षरओळख

हा माझा विषय! देवनागरीतलं प्रत्येक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत ३ बाइट घेतं, आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह अधिक दोन अक्षरं असा लिहिला जातो. 'नोंदणी' हा शब्द घ्या. न, ओकाराची मात्रा, अनुस्वार, द, ण, दीर्घ वेलांटी, ही झाली ६ चिन्हं. म्हणजे १८ बाइट, म्हणजे पत्त्यात ५४ अक्षरं. हा पत्ता पॅरामीटर म्हणून दुसऱ्या पत्त्यात घातला की टक्क्याचं चिन्हही पुन्हा रूपांतरित होतं आणि त्याचीच तीन अक्षरं होतात. ५४ ची ९० झाली.

हे दुसरं रूपांतर एकदाच व्हायला हवं आणि एकदाच उलगडायला हवं. लिंक बनवणाऱ्याने दोनदा केलं किंवा वाचणाऱ्याने उलगडलंच नाही की पान सापडत नाही. तुमचं 'कधी कधी' यातच असणार.

आणि रूपांतर केलंच नाही तर वेगळी गंमत:

नोंदणी?परत=/शोध?शब्द=पाणी&पान=३

यात '&' नंतरचा 'पान=३' हा भाग नोंदणीच्या पानाचा पॅरामीटर समजला जातो. वाचक शोधाच्या तिसऱ्या पानावरून निघाला, परत आला पहिल्या पानावर.

अवांतर: वर्डप्रेस लेखाचा पत्ता याच टक्केवारीच्या रूपात साठवतं आणि त्या रकान्याची मर्यादा २०० अक्षरं आहे. देवनागरीत साधारण २२ चिन्हं झाली की पत्ता कापला जातो. लांबलचक शीर्षकांच्या धड्यांचे पत्ते मध्येच तुटलेले दिसतात ते यामुळे.

रात्रपाळी

सेशनमध्ये पत्ता ठेवणाऱ्यांसाठी एक सावधगिरी. आमच्याकडे लॉगिन करून माणूस एकदम पांढऱ्या पानावर, वर महिरपी कंसात काहीतरी आकडे. कारण शोधता शोधता रात्र गेली. पानावर दर थोड्या वेळाने 'नवीन सूचना आल्या का' विचारणारी एक विनंती मागच्या मागे सुटत होती. सेशन संपलं होतं, त्यामुळे या विनंतीलाही 'आधी लॉगिन करा' असं उत्तर गेलं, आणि फ्रेमवर्कने इमानदारीत तिचाच पत्ता 'परतीचा पत्ता' म्हणून लिहून ठेवला. माणसाने उघडलेलं पान राहिलं बाजूला.

तेव्हा पत्ता जपायचा तो फक्त माणसाने उघडलेल्या पानाचा. गेट विनंती (पान नुसतं मागवणारी) असावी, मागच्या मागे सुटलेली नसावी. आताचे ब्राउझर 'सेक-फेच-मोड' नावाचा हेडर पाठवतात, त्यात 'नॅव्हिगेट' असेल तर ती पान उघडण्याची विनंती. लॉगिन, नोंदणी आणि लॉगआउट ही पानंही वगळा. लॉगिन करून परत लॉगआउटच्या पानावर जाणं म्हणजे कमालच.

पहिलीपायरी

मी तंत्रज्ञ नाही, साइटवर माणसं कशी वावरतात ते बघणं हे माझं काम. थोडं वेगळं मत मांडते. नवा सदस्य पहिल्यांदा आत येतो तेव्हाच त्याला सगळं दाखवण्याची संधी असते. त्याला स्वागताच्या पानावर न्या, काय काय मिळतं ते सांगा, मग धड्यावर सोडा.

घोळनिवारक

सपशेल असहमत. तो माणूस पुस्तकात बोट घालून दार उघडायला उठलाय. त्याला दारातच घराची माहिती सांगत बसलात तर बोट निसटणारच. स्वागत करायचं तर त्या धड्याच्याच माथ्यावर एक पट्टी दाखवा, बंद करता येईल अशी.

पहिलीपायरी

पट्टी चालेल, मागे घेते. पण मग माझा पुढचा मुद्दा ऐका. त्याला नुसतं पानावर आणून भागत नाही. तो प्रश्न सोडवून बसला होता! परत आल्यावर उत्तराची चौकट रिकामी दिसली तर पानावर आणल्याचा उपयोग काय? त्याच्या लेखी तो पानावर नव्हता, 'उत्तर तपासा' या बटणावर होता.

सर्व्हरवाला

पहिलीपायरी, दंडवत. हे मी लिहायला हवं होतं.

परतीचा पत्ता गेट विनंतीचाच असू शकतो. 'उत्तर तपासा' ही पोस्ट विनंती, म्हणजे सर्व्हरला माहिती पाठवणारी. पोस्टच्या पत्त्यावर कुणाला परत पाठवलं तर ब्राउझर तो गेटने उघडतो आणि सर्व्हर ४०५ दाखवतो, ही पद्धत इथे चालत नाही म्हणून. उपाय असा: बटण दाबल्यावर उत्तर आधी कच्चं म्हणून जतन करायचं, त्याला यादृच्छिक टोकन द्यायचं, आणि धड्याच्या क्रमांकाबरोबर ते टोकनही कच्च्या नोंदीत ठेवायचं. परत आल्यावर धडा उघडायचा, चौकट भरलेली दाखवायची आणि बटण त्यालाच पुन्हा दाबू द्यायचं. आपणहून पाठवून टाकू नका, मधल्या वेळात त्याचा विचार बदललेला असू शकतो.

जाता जाता, सर्व्हर ब्राउझरला पुढे पाठवताना जो कोड देतो त्याबद्दल. फॉर्म स्वीकारून पुढे पाठवताना ३०३ वापरा, म्हणजे पुढचं पान गेटनेच उघडणार. ३०७ चुकूनही नको, त्यात ब्राउझर पोस्ट आहे तशी पुढे नेतो, म्हणजे आत्ता भरलेला पासवर्ड पुढच्या पानालाही पोचता होतो. आणि सदस्यांच्या पानावरून लॉगिनकडे पाठवताना ३०१ नको. ते कायमचं समजून ब्राउझर लक्षात ठेवतो, मग लॉगिन झालेल्या माणसालाही सर्व्हरला न विचारताच लॉगिनकडे पळवतो.

बिनधास्त_बग

आमच्याकडे दुसऱ्या सेवेच्या खात्याने नोंदणीची सोय आहे, म्हणजे गूगल, ॲपलची बटणं. तिथे लपवलेला खाना कुठून आणू? माणूस साइटबाहेरच जातो.

कुलूपकिल्ली

तिथे 'स्टेट' नावाचा पॅरामीटर त्यासाठीच आहे. तुम्ही पाठवता तो तसाच परत येतो. त्यात पत्ता उघडा लिहू नका. एक यादृच्छिक टोकन पाठवा, सेशनमध्ये त्या टोकनासमोर पत्ता लिहा. परत आल्यावर टोकन जुळलं तरच पुढे. यातून दुसऱ्याच्या नावाने घुसवलेल्या विनंत्याही अडतात. 'रिडायरेक्ट_यूआरआय' (बाहेरच्या सेवेने माणसाला जिथे परत पाठवायचं तो पत्ता) मध्ये धड्याचा पत्ता घालायचा मोह होईल, पण तो त्या सेवेकडे आधी नोंदवलेल्या पत्त्याशी तंतोतंत जुळावा लागतो.

ॲपलची एक खोच: नाव किंवा ईमेल मागितलंत तर ॲपल उत्तर पोस्टने पाठवतं. बाहेरच्या साइटवरून आलेल्या पोस्टबरोबर 'लॅक्स' कुकी येत नाही, आणि क्रोमने २०२० पासून कुकीचं मूळ वळण 'लॅक्स' केलंय. सेशन रिकामं दिसतं, टोकन जुळत नाही. त्या टोकनापुरती वेगळी, अल्पायुषी कुकी 'सेमसाइट=नन' (बाहेरच्या साइटवरून आलेल्या विनंतीबरोबरही येणारी) आणि 'सिक्युअर' अशी ठेवा. मुख्य सेशनची कुकी सैल करू नका.

शाईपेन

मंडळी, केलं! क्रमांक युजर मेटात, कच्चं उत्तर टोकनासह, पासवर्डनंतरच्या लॉगिन लिंकला पत्ता जोडलेला. लॅपटॉपवर नोंदणी आणि फोनवर मेल, असंही करून बघितलं. फोनवर धडा उघडतो आणि चौकटीत उत्तरही दिसतं.

एकच कोडं उरलंय. काहींना धडा बरोबर उघडतो, पण वर अजून 'नोंदणी करा' असंच दिसतं. पान ताजं केलं की नाव येतं. त्यांना वाटतं, नोंदणी झालीच नाही.

रात्रपाळी

पानाची कॅश, म्हणजे साठवून ठेवलेली प्रत. नोंदणीआधी तेच पान त्याच पत्त्यावर पाहिलेलं असतं, ब्राउझर तीच जुनी प्रत काढून दाखवतो. धड्यांच्या पानांना 'कॅश-कंट्रोल: नो-कॅश' पाठवा, म्हणजे दर वेळी सर्व्हरला विचारूनच प्रत वापरली जाईल. सर्व्हरवर कॅशचं प्लगिन असेल तर लॉगिनची कुकी दिसल्यावर ते बाजूला होतं ना, तेही बघा.

त्याच ओघात मथळ्यातली 'नोंदणी' ही लिंक तपासा. तो मथळा सगळ्या पानांसाठी एकदाच बनवून कॅशमध्ये ठेवला जात असेल, तर पहिल्या वाचकाच्या धड्याचा क्रमांक त्यात गोठून बसतो आणि त्यानंतरचे सगळे नवे सदस्य त्याच एका धड्यावर जाऊन पडतात.

शाईपेन

बघितलं. मथळ्यात खरोखरच धडा क्रमांक ४१२ बसलेला होता! आता क्रमांक मथळ्यातून काढलाय, लिंक दाबताना पानाकडूनच घेतो.